अळंबीची जागा

मानवजातीने निसर्गाचं जे काही बरं केलं आहे, त्यात आमच्या गावाचा वाटा मोठा आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. आमच्या गावाने एक आख्खा डोंगर वाचवला. डोंगर म्हणजे तसा डोंगर नव्हे, सडा. कातळाचं पठार, वर गवत, मधेमधे कुड्याची आणि करवंदीची झुडपं, आणि ज्याच्या त्याच्या गुरांचं शेण. पण वाचवताना आपण नेमकं काय वाचवतो आहोत याची फार बारीक चौकशी करायची नसते.

त्या दिवशी शाळेच्या ओसरीवर सगळं गाव दाटीवाटीने बसलं होतं. समोर टेबलापाशी कचेरीतून तपासणीला आलेल्या लोंढेमॅडम, आणि त्यांच्या बाजूला, खुर्ची थोडी मागे सरकवून, खाणवाल्या कंपनीचे मॅनेजर हेगिष्टे. बाहेरच्या एका कंपनीला सड्यावर चिऱ्यांची खाण हवी होती. यंत्र लावून कातळ कापायचा, चिरे ट्रकात भरून न्यायचे आणि खड्डा गावाला ठेवायचा, अशी एकंदर योजना होती.

गावाने हरकती घेऊन पाहिल्या होत्या. सड्याच्या पोटातलं पाणी आमच्या विहिरींत उतरतं, असं लिहून दिलं, तर कंपनीने टँकर कबूल केला. मग सरपंच भिकूतात्यांनी सड्यावर देव आहे असं सांगितलं. कंपनी देवाला खाली आणून नवीन देऊळ बांधून द्यायला तयार झाली, फरशीसकट. त्यावर निम्म्या गावाला कंपनीचं म्हणणं पटायला लागलं. मी तेव्हा नुकता वनस्पतीशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो होतो आणि त्यामुळे घरीच होतो. अर्जाच्या शेवटी जागा उरली होती, म्हणून मी एक वाक्य घातलं: सड्यावर दुर्मीळ अळंबी उगवते.

मॅडमनी सगळ्या अर्जातलं तेवढंच वाक्य धरलं. त्यांनी विद्यार्थीदशेत बुरशीवर संशोधन केलं होतं. बुरशीवर संशोधन केलेली बाई बदली होऊन नेमकी आमच्या तालुक्याला यावी, ही देवाची करणी. भिकूतात्यांच्या मते सड्यावरच्याच देवाची.

"वारुळावर येते ती अळंबी?" मॅडमनी विचारलं.

"होय. रोयणीवरची," मी म्हणालो. आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात.

"केवढी होते?"

"ताटलीएवढी."

"ताटली काय रे? परात!" भिकूतात्या म्हणाले. "पावसात डोक्यार धरून घराकडे येवचा."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "मग चला, कुठे उगवते ते दाखवा."

ओसरीवरचा जो तो आपापल्या पायतणाकडे बघायला लागला.

इथे एक सांगायला हवं. आमच्या गावात माणूस आपलं दुखणं सांगतो, भावाबरोबरचा दावा सांगतो, सून काय बोलली तेही सांगतो. अळंबीची जागा सांगत नाही. नवरा बायकोला सांगत नाही. पहाटे उठून, मागच्या दाराने, पायतण हातात घेऊन जायचं आणि टोपलीवर सागाची पानं झाकून यायचं. जागा सांगायची ती मरताना, आणि एकालाच. भिकूतात्यांच्या आजोबांची वाचा आधी गेली, तेव्हा घरचे लोक त्यांच्या बोटाकडे बघत बसून राहिले होते. बोट शेवटपर्यंत छपराकडे होतं. छपरावर चढूनही पाहिलं म्हणतात.

"तिकडे आहे," भिकूतात्यांनी शेवटी उत्तरेकडे हात केला.

"जरा पलीकडे," कुणीतरी पूर्व दाखवली.

गोविंद मेस्त्री सुतारकाम करणारा, मापाला चोख माणूस. त्याने जी दिशा दाखवली तिकडे समुद्र होता.

हेगिष्टे हसले. "मॅडम, मी आपल्याला आधीच म्हटलं होतं. अळंबी-बिळंबी काही नाही. असती तर दाखवली नसती का यांनी?"

"मी संध्याकाळी परत जाणार," मॅडम आम्हांला म्हणाल्या. "जागा पाहिली नाही, तर अहवालात 'आढळली नाही' असं लिहीन. मग खाणीला अडवायला माझ्याकडे काहीच राहत नाही. विचार करा."

"इचार जेवल्यार," भिकूतात्या म्हणाले. "आधी जेवून घेवया."

पाहुण्यांचं जेवण आमच्या घरी होतं, कारण आमच्या घरी सुलूआते होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन पावसाळ्यांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. घरात तिचं स्थान म्हणजे वळईतली, घराच्या कडेच्या पडवीतली, खोली आणि सगळ्यांच्या आधी उठण्याचा मान. पण श्रावणात तिचं राज्य असे. सबंध गावात तिच्याइतकी अळंबी कुणाला मिळत नसे. शिजवून, पानाच्या द्रोणांत घालून ती घरोघर पाठवायची, आणि ज्या घराशी भांडण त्या घराला थोडी जास्त. इतर अकरा महिने तिला कुणी काही विचारत नसे. श्रावणात रस्त्याने जाताना माणसं थांबून तिची चौकशी करायची.

पंगत बसली. मॅडमनी भातावरचं कालवण चाखलं आणि घास तोंडातच ठेवून थांबल्या.

"अहो, हे काय आहे? माझा श्रावण आहे."

"आमचोय श्रावण आसा," आते म्हणाली. "म्हणानच. अळंबी ती. मटण न्हय."

"ही अळंबी?" मॅडमनी दुसरा घास घेतला. "ही सड्यावरची?"

"मगे काय बाजारातली?"

"सड्यावर कुठली?"

"वाढू आणखी?" आते म्हणाली.

मॅडमनी आणखी घेतली. हेगिष्ट्यांनीही घेतली, मग पुन्हा घेतली, आणि नंतर पातेलं दारातून जाताना बघून पुन्हा एकदा. त्यांना कुणी अडवलं नाही. आमच्याकडे शत्रूलाही पोटभर वाढतात. त्याने तो सुस्तावतो.

मी हात धुऊन स्वयंपाकघरात गेलो. आते पातेलं खरवडत होती.

"आते, मॅडमांक जागा दाखव."

"खंयची?"

"अळंबीची."

"कसली अळंबी?" ती म्हणाली. हातात अळंबीचंच पातेलं होतं.

"आते, मस्करी नको. जागा दिसली नाय तर त्या 'नाय' म्हणान लिवतले. मगे खाण येतली."

"येवंदी."

"आणि तुझी जागा खंय रवतली? चिरे करून ट्रकात घालतले ती."

आतेने पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "येशवंता, ह्या घरात माझ्या नावार काय आसा? खोली भावाची. चूल भावजयीची. आवशीन, तुझ्या आजयेन, जमीन झिलांक दिल्यान, दागिने सुनांक दिल्यान. ती जागा तेवढी माका दिल्यान. माझ्या कानात सांगल्यान नि डोळे मिटल्यान. आज मी ती सगळ्यांदेखत दाखवली, तर उद्या मी कोण? तुमच्या घरातली फुकटची आते."

वनस्पतीशास्त्राच्या तिन्ही वर्षांत याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. बाहेर हेगिष्ट्यांना ढेकर आली. ती सबंध घरात ऐकू गेली.

आतेने त्या दिशेला एकदा पाहिलं. मग हात धुतले, पदर सारखा केला आणि सरळ ओटीवर गेली.

"बायो," ती मॅडमना म्हणाली, "मी सांगतंय. पण तुझ्या एकटीच्या कानात. आणि ह्या बाबाक आधी खळ्यात धाड."

मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी अजून आदर आहे. त्या उठल्या, आतेबरोबर माजघरात गेल्या आणि दार लोटलं. हेगिष्टे बाहेर अंगणात, खळ्यात, जाऊन उभे राहिले. तोवर गाव जेवून परत जमलं होतं.

"सुलू आत कित्या गेली?" भिकूतात्यांनी मला विचारलं.

"जागा सांगूक."

भिकूतात्यांचा चेहरा पडला, मग तापला. "सुलू सांगता? म्हणजे सरकार समजतला, गावात तिचीच एक जागा. आमका काय जागा नाय? माझी जागा तिच्यापरीस मोठी आसा!"

"मगे दाखय ना," गोविंद मेस्त्री म्हणाला.

"दाखवतंय कित्या? मीय कानात सांगतंय."

आते बाहेर आली आणि तात्या आत गेले. ते बाहेर येईपर्यंत मेस्त्री दारापाशी उभा होता. त्याच्यामागे त्याचा चुलत भाऊ, ज्याच्याशी तो बोलत नसे. त्याच्यामागे तात्यांची बायको, आणि नवरा बाजूने गेला तेव्हा ती भिंतीकडे बघत होती. मग रांगच लागली. मतदानालाही आमच्याकडे अशी रांग लागत नाही. जो तो आत जायचा आणि देवळाला घंटा अर्पण केल्यासारखं तोंड करून बाहेर यायचा. ज्याने सांगितलं नाही त्याच्याकडे जागाच नाही असं ठरलं असतं, आणि तेवढी नाचक्की कुणालाच परवडण्यासारखी नव्हती.

शेवटी मॅडम बाहेर आल्या. कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "मला नीट समजून घेऊ द्या. फुटक्या कातळाच्या खाली उतरायचं, कुड्याच्या जाळीला वळसा घालायचा, आणि आसण्याच्या वठलेल्या झाडामागे मोठं वारूळ. बरोबर?"

भिकूतात्या ताडकन उभे राहिले. "मॅडम! कानात सांगल्याला सगळ्यांदेखत?"

"हे तुमचं नाही सांगितलं. हे मेस्त्रींचं."

"माझा?" मेस्त्री किंचाळला. "तात्यांक माझी जागा कशी म्हायत?"

"तुमचंही आहे, त्यांचंही आहे, यांचंही आहे," मॅडम म्हणाल्या. "सुलोचनाबाईंचंही तेच आहे. तुम्ही सगळ्यांनी मला एकच जागा सांगितली."

मग खळ्यात जे सुरू झालं, त्याला तंटा म्हणणं कमीपणाचं होईल. पिढ्यांचा हिशेब एकदम निघाला.

"इतकी वर्सां मी समजतंय, माझी अळंबी रानडुकर खाता!" तात्यांची बायको म्हणाली.

"माझीय डुकरच खाय," तात्या म्हणाले, आणि मग बायकोकडे बघतच राहिले. "म्हणजे तू?"

"आणि तुमी!"

आते मेस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली. "गोविंदा, म्हणजे माझ्या जागेर येणारो डुकर तू?"

"आते, मी उजाडल्यार जातंय. माझ्या आधी कोण येवन जाता ता सांग."

"मी जातंय."

"मगे डुकर कोण?" मेस्त्री म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरला.

"पण मी कधी उपटूक नाय!" आतेचा आवाज चढला. "शिंपल्यान कापलंय. लोखंड लावक नाय. आणि उमललेली थंयच ठेवलंय."

"आमी काय उपटतो?" मेस्त्री तितक्याच जोरात. "माझ्या बापाशीन सांगल्यान, शिंपल्यान कापूची, उमललेली ठेवूची!"

"माझ्या सासयेन ताच सांगल्यान," तात्यांची बायको म्हणाली.

"आमच्या आज्यान पण," रांगेतला आणखी एक.

भांडण तिथे अडखळलं. मॅडम पायरीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या एकदम उठल्या. "मला आत्ता जागा दाखवा."

सबंध गाव सड्यावर चढलं. वाट सगळ्यांना पाठ होती, पण पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या मागे, वाट ठाऊक नसल्यासारखा. सवय अशी एका दिवसात जात नाही. शेवटी आते पुढे झाली. फुटका कातळ, कुड्याची जाळी, वठलेला आसणा, आणि त्याच्यामागे छातीएवढं वारूळ. वारुळाच्या पायथ्याशी, ओल्या मातीत, कापलेल्या देठांचे पांढरे ठिपके होते. दूर्वा खुडाव्यात तितक्या सफाईने कापलेले. पलीकडे दोन उमललेल्या छत्र्या होत्या, पण त्या जुन्या, काळवंडलेल्या आणि किड्यांनी खाल्लेल्या.

"कुठाय?" हेगिष्टे म्हणाले. "मॅडम, दोन कुजक्या चिंध्या आहेत. याला दुर्मीळ वनस्पती म्हणायचं?"

"वनस्पती नाही ती," मॅडम म्हणाल्या.

"आज फाटफटी, उजाडूच्या आधी, मी काढून नेलंय," आते म्हणाली. "पावण्यांक वाढूक नको?"

"म्हणजे पुरावा शिल्लक नाही!" हेगिष्ट्यांनी हात झटकले.

"पुरावा तुम्ही जेवलात," मी म्हणालो. "तीनदा घेतलात."

हेगिष्ट्यांचा हात पोटावर गेला. पोटात असलेली वस्तू अस्तित्वात नाही असं म्हणणं मॅनेजरलाही कठीण जातं. मॅडम गुडघ्यावर बसल्या होत्या. एका देठाभोवतीची माती त्यांनी बोटांनी हलकेच दूर केली. देठ खाली जात होता, बारीक होत, मुळासारखा, सरळ वारुळाच्या पोटात.

"वाळवी खाली शेती करते," त्या म्हणाल्या. "पालापाचोळा आणते, त्याच्यावर ही बुरशी वाढवते, तीच खाते. पावसात जी वर येते ती अळंबी. उपटली असती तर खालचं सगळं मोडलं असतं. हे वारूळ किती जुनं असेल कोण जाणे."

"मग आम्ही दुसरीकडे लावून देऊ," हेगिष्टे म्हणाले. "पिशव्यांमधून करतात हल्ली. हवी तेवढी."

"ती निराळी. ही माणसाला लावता येत नाही. वाळवी नाही, तर अळंबी नाही."

"प्रयत्न केलेत का कुणी?"

"मी केलेत," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षं. ती पदवी मला मिळाली, अळंबी नाही मिळाली." मग त्या आमच्याकडे वळल्या. "एका वारुळावर सबंध गाव येतं. प्रत्येकजण चोरून, प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. आणि एकानेही कधी उपटली नाही, सगळी नेली नाही. मी पुष्कळ जंगलं पाहिली. लोकांनी असं राखलेलं कुठे पाहिलं नाही."

गावाला हे पचायला थोडा वेळ लागला. मघापासून आपण एकमेकांना चोर म्हणत होतो, ते एवढं सन्मानाचं काम निघेल अशी कुणाची कल्पना नव्हती. भिकूतात्यांनी घसा साफ केला. मेस्त्री ज्या चुलत भावाशी बोलत नसे, त्याच्याकडे बघून म्हणाला, "शिंपलो कसलो वापरतंस? तिसऱ्याचो?" आणि तो म्हणाला, "न्हय. कालवाचो. धार बरी रवता."

आते मात्र बाजूला उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. ती वारुळाकडे बघत होती.

"सगळ्यांक म्हायत होती तर," ती म्हणाली.

"होय."

"पण सगळ्यांच्या आधी मीच येय."

तिने हे मला सांगितलं होतं, पण बाकीच्यांनीही ऐकलं. भिकूतात्या वळले. "ता खरां हां, सुलू," ते म्हणाले. "आमी कितीय लवकर इलो तरी कापलेलीच दिसायची. तुझ्या आधी ह्या गावात कोण उठाक नाय आणि उठाचोय नाय."

मेस्त्रीने मान हलवली. त्याच्या चुलत भावाने हलवली. रांगेतल्या सगळ्यांनी हलवली. आतेने पदर खांद्यावरून घेतला आणि उतरायला लागली. या वेळी सबंध गाव तिच्यामागून, उघडपणे, एका वाटेने चाललं.

खाणीला परवानगी मिळाली नाही. मॅडमनी अहवालात काय लिहिलं ते मला पाहायला मिळालं नाही, पण त्यांनी पंचक्रोशीत सांगितलेलं एक वाक्य अजून आमच्याकडे सांगतात, की इतकी माणसं स्वतंत्रपणे एकच साक्ष देतात तेव्हा ती खोटी असू शकत नाही. कंपनी यंत्रं घेऊन दुसऱ्या सड्यावर गेली. तिथल्या गावाकडे अळंबी नव्हती, किंवा असेल, त्यांनी जागा सांगितली नसेल. आमच्या विहिरींना मे महिन्यात अजून पाणी असतं. शेजारच्या गावातली माणसं ते न्यायला येतात, आणि आम्ही त्यांना ही गोष्ट पूर्ण ऐकवल्याशिवाय विहिरीचा राजू, म्हणजे दोर, ओढू देत नाही.

वर्तमानपत्रात आतेचा फोटो आला. जिल्ह्याहून संवर्धनासाठी निधी आला. ग्रामसभेने एकमताने ठराव केला, की एवढ्या मोलाच्या ठेव्याला उघड्यावर ठेवणं गावाला शोभत नाही. वारुळाभोवती सिमेंटचा चौथरा झाला, वर कौलारू मांडव, चारी कोपऱ्यांना गोविंद मेस्त्रीने स्वतः घडवलेले खांब, आणि दर्शनी बाजूला 'सुलोचना धुरी अळंबी संवर्धन स्थळ' असा फलक. उद्घाटनाला आते खुर्चीवर बसली होती, अंगावर शाल, मांडीवर नारळ. माहेरच्या गावात तिच्या नावावर काहीतरी झालं होतं, आणि तेही ठळक अक्षरांत. तिने फीत शिंपल्याने कापली. टाळ्या थांबायलाच तयार नव्हत्या. मी आजवर पुष्कळ समारंभ पाहिले आणि बहुतेकांची टिंगल करून पोट भरलं, पण त्या टाळ्यांत माझ्याही होत्या, आणि मी त्या परत घेत नाही.

त्यानंतर तिथे अळंबी उगवली नाही. खांब लाकडी होते, त्यामुळे चौथऱ्याच्या पायात वाळवीचं औषध ओतलं होतं. खांबांना अजून काही झालेलं नाही.